तंबूत आधी वहिनी झोपली

मुलगा शिकायला पुण्याला गेला, त्या हिवाळ्यात भोरच्या आमच्या घरातले आवाज फार कमी झाले. कुकरची शिट्टी, टीव्हीवरच्या बातम्या, बाकी काही नाही. आमचे हे कचेरीतून आले की मोबाईलवर डोंगरात मुक्कामाला जाणारी माणसं बघत बसायचे. मग एके दिवशी कुरिअरवाला एक लांबट पिशवी देऊन गेला.

"टेंट आहे," हे म्हणाले. "दोघांचा."

मला हसू आलं. माझं माहेर वेल्ह्याकडचं, विंझरच्या पुढं. पीक राखायला माझे वडील रानात झोपायचे. ते काम होतं, हौस नव्हे. आणि हे भोरच्या गल्लीत वाढलेले, गच्चीपलीकडे उघड्यावर कधी पाठ टेकलेली नाही. पण पिशवी उघडताना त्यांचा चेहरा असा काही झाला होता की मी नको म्हणाले नाही. फक्त एक अट घातली. जागा ओळखीची हवी. म्हणून दादाला, माझ्या थोरल्या भावाला, फोन केला आणि त्याचं नदीकडचं रान मागितलं.

"घर पडलंय का आपलं?" दादा म्हणाला. "हितं येऊन रानात कशाला झोपायचं?"

"गंमत म्हणून रे."

"बरं बाई. या."

स्कूटरवर दोघांच्या मध्ये ती पिशवी घेऊन आम्ही निघालो. नसरापूरला चहा घेतला आणि दुपार कलायच्या आत रानात पोचलो. भात काढून झालं होतं. खाचरांत नुसते खुंट उरलेले, त्यांच्यावर पिवळं, जरासं धुरकट ऊन. खाली नदी बारीक झालेली. समोर तोरणा असा निळसर दिसत होता, की हात लावला तर बोटाला रंग लागेल.

तंबू काही केल्या उभा राहीना. आधी आम्ही तो उलटा जोडला. सुलटा केला, तर वारं आत शिरलं आणि तो फुगून चक्क गडगडत निघाला. हे त्याच्यामागे, मी ह्यांच्यामागे. खाचरामागून खाचर ओलांडत तो बांधावरच्या करवंदीच्या जाळीत अडकला, तेव्हा आम्ही तिथंच खाली बसलो आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. ह्यांना असं पळताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होते. मग दगडानं खुंट्या ठोकून, जमेल तसा ताणून, शेवटी आमचा निळा तंबू उभा राहिला. एका बाजूला थोडा कललेला.

आम्ही आत शिरणार, एवढ्यात पायवाटेवरून वहिनी आली. डोक्यावर पाटी, पाटीत भाकरी, पावट्याचं कालवण आणि ठेचा. पाटी उतरवून ती तंबूभोवती एक चक्कर मारून आली.

"ह्यात झोपायचं व्हय?" तिनं विचारलं. "आत जाऊन बघू का वो, दाजी?"

"बघा की वहिनी," हे म्हणाले.

वहिनीनं चपला बाहेर काढल्या, वाकून आत गेली आणि आम्ही अंथरलेल्या गोधडीवर आडवी झाली.

"वन्सं," आतून आवाज आला, "समदं निळं निळं दिसतंय गं बाई. आभाळ खाली आल्यावानी."

"आणि मऊ आहे का?" मी विचारलं.

थोड्या वेळानं मी वाकून पाहिलं. वहिनी एका कुशीवर, हात उशाला घेऊन, गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं. भेगाळलेले पाय दाराबाहेर आलेले, जोडव्यांवर ऊन पडलेलं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे हलकेच पुढे झाले, घोंगावणारी एक माशी हातानं हाकलली आणि तंबूच्या दाराच्या जाळीची चेन आवाज न करता पायांपर्यंत ओढून घेतली.

मग आम्ही बांधावर बसून राहिलो. तंबूत जायचं राहिलंच, चहाही केला नाही, भांडं वाजेल म्हणून. कुजबुजत बोललो. मी त्यांना सांगितलं, वहिनी नवी नवरी होऊन आली तेव्हा मी शाळेत होते, ती माझ्या वेण्या घालायची. आमच्या आधी उठायची, आमच्यानंतर निजायची. आणि सांगता सांगताच माझ्या ध्यानात आलं, की मी वहिनीला झोपलेलं कधी पाहिलंच नव्हतं. एवढ्या वर्षांत एकदाही नाही.

हे ऐकत होते. त्यांचा मोबाईल खिशातच होता. डोंगराची सावली एकेक खाचर ओलांडत आमच्याकडे येत होती, आणि ती आमच्या पायांवर आली तेव्हा त्यांनी आपली शाल अर्धी माझ्या खांद्यावर टाकली. जग इतकं सावकाश चाललेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दिवस मावळताना दादा आला. लांबूनच ओरडत, "आगं, ही कुठं गेली?"

आम्ही दोघांनीही तोंडावर बोट ठेवलं. "झोपलीय," मी म्हणाले.

त्याला ते पटेना. वाकून जाळीतून त्यानं पाहिलं, आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग आमच्याशेजारी येऊन बसला.

"धार काढायची राहिली असेल ना?" मी हळूच विचारलं.

"काढली म्या," तो म्हणाला. "झोपू दे."

वहिनी जागी झाली तेव्हा आभाळात नुकती चांदणी दिसत होती. पदर सावरत ती धडपडून बाहेर आली. "आगं बया! दिवस बुडाला? उठवायचं न्हाई व्हय?"

"बस गं," दादा म्हणाला. "काय बी खोळंबलं न्हाई."

ती बसली. चौघांनी गार भाकरी खाल्ली. जेवता जेवता वहिनी मध्येच थांबली. "सपान पडलं वन्सं. निस्तं पानी. म्या त्यात उभी, अन् पाय भिजतच न्हाईत." एवढं बोलून ती लाजली आणि आम्हाला आणखी कालवण वाढू लागली.

निघताना दादानं पुन्हा आग्रह केला, घरी चला, रानात गारठा पडतो. त्याला वहिनीनंच गप्प केलं. "ऱ्हाऊ द्या की त्यांस्नी. लई मस्त झोप लागती आत."

ते खरं निघालं. गोधडीला वहिनीच्या केसांच्या तेलाचा आणि चुलीच्या धुराचा वास लागला होता. त्या वासात मला लगेच झोप लागली, आणि ह्यांनाही.

सकाळी उठले तर शेजारी हे नव्हते, आणि बाहेर रानही नव्हतं. नुसतं पांढरं धुकं. नदी, तोरणा, बांध, काहीच नाही. तंबूच्या कापडावरून दव टपकत होतं. मग खालून कुठून तरी आवाज आला.

"अगं!"

हे पाणी आणायला नदीवर गेले होते आणि परतायची वाट त्यांना सापडत नव्हती.

"अहो!" मी ओरडले.

"अगं, कुठं आहेस?"

"इथं! इकडं या!"

आवाज कधी डावीकडून यायचा, कधी उजवीकडून. त्यांची हाक आली की मी ओ द्यायची. हळूहळू त्या हाकांत हसू मिसळलं. ते घाबरलेले नव्हते, आणि मीही नव्हते. एकदा तर अगदी जवळ येऊन ते पुन्हा लांब गेले, मला वाटतं मुद्दामच. आमच्या घरात एकमेकांना इतक्या हाका आम्ही कधी मारल्या नव्हत्या. मी धुक्यात अनवाणी उभी होते, ओले खुंट तळव्यांना टोचत होते. मग पांढऱ्यात आधी पाण्याचा कॅन दिसला, त्यामागून ह्यांचा हात, आणि मग हे.