अक्कांच्या गच्चीवरचा कॅक्टस

हसणार नसाल तरच सांगतो. म्हणजे हसालच तुम्ही, पण निदान हातातला चहा संपेपर्यंत तरी दम धरा.

त्याचं असं झालं की जळगावात आमच्या बाल्कनीत मी एक कॅक्टस पाळला होता. पाळलाच म्हणायचं, कारण मी त्याला रोज सकाळी तांब्याभर पाणी पाजायचो. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. मला वाटायचं, बिचाऱ्याला तहान लागत असेल. एक दिवस बघतो तर तो कठड्यावर मान टाकून पडलेला. बुडाशी हात लावला तर बोट सरळ आत गेलं. पिकलेल्या टमाट्यात जावं तसं. आणि वास! तो वास दोन वेळा साबण लावूनही गेला नाही.

मग मी मोबाईलवर शोधाशोध केली. कळलं की याला खोडकूज म्हणतात. बुडापासून सुरू होते, खोड तपकिरी पडतं, लिबलिबीत होतं आणि कूज आतल्या आत वर चढते. उपाय काय, तर स्वच्छ सुरीने वरचा चांगला भाग कापून घ्यायचा, आतला गर पांढरा-हिरवा दिसेपर्यंत कापत जायचं, तुकडा सावलीत वाळवायचा आणि कोरड्या रेताड मातीत लावायचा. हे ज्ञान झाल्यावर मी शेजारच्या कुलकर्ण्यांचा एक कॅक्टस खरोखर वाचवला. तेव्हापासून कॉलनीत लोक मला बोलवायला लागले. मीही न बोलावता जायला लागलो.

अशा भरात आम्ही धुळ्याला गेलो. आमच्या रश्मीचं लग्न होऊन थोडेच महिने झाले होते, आणि तिच्या सासरी मुक्कामाला जाण्याची आमची ती पहिली वेळ. तिच्या सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात. कमी बोलणारी बाई. त्या दिवशी सकाळी अक्का गल्लीत कुणाकडे तरी आजारी माणसाला बघायला गेल्या. जावई कामावर. खाली रश्मी आणि तिची आई भरितासाठी वांगी भाजत होत्या. मी आपला पाय मोकळे करायला गच्चीवर गेलो.

आणि मला तो दिसला. कोपऱ्यात मोठ्या कुंडीत, माझ्या छातीपर्यंत उंच, हिरवागार कॅक्टस. फक्त बुडाशी तपकिरी. चांगला वीतभर पट्टा तपकिरी!

खोटं नाही सांगत, आधी वाईटच वाटलं. अक्कांना पत्ता नाही आणि झाड खालून सडत चाललंय. मग वाटलं, व्याह्यांच्या घरी आपण नुसतं जेवून जायचं का? काही उपयोगी नको पडायला? मी खाली जाऊन सुरी घेतली. बायकोने विचारलं, कशाला. म्हटलं, पेरू कापतो.

वर्तमानपत्राची घडी खोडाभोवती धरली आणि तपकिरी पट्ट्याच्या वर सुरी चालवली. वरचा भाग अलगद कुशीत घेतला, काटे छातीत घुसले तरी सोडला नाही. आतला गर बघितला. पांढरा-हिरवा, एकदम स्वच्छ. म्हटलं, वाचवला!

इथे थांबायला हवं होतं. पण मला अक्कांना सडका भाग दाखवायचा होता. पुरावा नको का? म्हणून कुंडीत उरलेल्या बुंध्याची एक चकती कापली. स्वच्छ. आणखी खाली कापली. स्वच्छ. मातीला टेकेपर्यंत कापत गेलो, सगळं कोरडं आणि टणक, सुरी वाकायची वेळ आली. मग मनात आलं, कूज आतून वर तर चढली नसेल? वाचवलेला भाग आडवा ठेवला आणि मधोमध कापला. स्वच्छ. अजून वर कापला. स्वच्छ. भाजीला गिलकी चिरावीत तसे गच्चीभर तुकडे झाले, आणि सडलेलं एक बोटभरसुद्धा सापडेना.

तेवढ्यात रश्मी वर आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, हा अक्कांनी माहेरून आणलाय. पाचोऱ्याहून. त्यांची आई गेली त्या वर्षी."

मी सुरी पाठीमागे लपवली. साठीला आलेला माणूस, आणि सुरी पाठीमागे लपवतोय!

अक्का आल्या. तुकड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी घाईघाईने खोडकूज समजावून सांगितली. तपकिरी रंग, आतून चढणं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग एक चकती उचलली, तिच्या तपकिरी सालीवर नख मारून दाखवलं. लाकडावर वाजावं तसं टक् वाजलं.

"झाड सडेल नही शे, भाऊ," त्या म्हणाल्या. "म्हातारं व्हयेल शे."

म्हणजे सडलेलं नव्हतं, नुसतं म्हातारं झालं होतं. आणि मग एवढंच विचारलं, कापायच्या आधी बोटाने दाबून पाहिलं होतं का?

कॉलनीत मी प्रत्येकाला हेच सांगत होतो. आधी दाबून बघा, मऊ लागलं तरच कूज. आणि इथे? काटे टोचतील म्हणून मी हातच लावला नव्हता.

त्या दुपारी जेवायला भरीत होतं. अक्कांनी रागवायचं सोडून मला आग्रह करकरून वाढलं. ते जास्त लागलं. संध्याकाळच्या गाडीत बायको जळगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मी माफी मागायला फोन केला, तर अक्का म्हणाल्या की तुकडे सावलीत वाळत ठेवलेत, बघू.

बघू म्हणाल्या आणि ते सगळे रुजले हो! एवढी झाडं ठेवणार कुठे? अक्कांनी नातेवाइकांत वाटून टाकली. नशिराबादला एक, पाचोऱ्याला दोन, चाळीसगावला तर कितीतरी. प्रत्येकाला देताना हे कुठून आलं तेही सांगितलं असणारच.

परवा चाळीसगावला त्यांच्याकडच्या एका लग्नात पंगतीला बसलो होतो. एक अनोळखी बाई वाढता वाढता थांबल्या. "तुम्ही रश्मीचे पप्पा ना? तुम्ही कापलेला एक तुकडा आमच्याकडे आहे." आजूबाजूची चार डोकी वळली. मी ताटात बघत राहिलो. बाई मात्र मनापासून म्हणाल्या, "बरं झालं भेटलात. तो बुडाशी जरा तपकिरी पडतोय. काय करावं?"

खरं सांगतो, एवढं सगळं होऊनही, 'कापून बघू या' हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. बायको शेजारीच बसली होती. तिने माझ्या तोंडात अख्खा लाडू कोंबला आणि बाईंना म्हणाली, "जेवताना ते बोलत नाहीत."