मांडवीवरची वकिली

अप्पा कोर्टात कारकून होते. बायकांनाही आता वकील होता येतं, असं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं आणि त्याच दिवशी ताई आणि मी वकील होणार हे ठरून गेलं. ताई अकरा वर्षांची, मी नऊ. जेवताना त्यांनी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "ताक वाढू ना?"

वकिलाचा आवाज लाटांवर चढला पाहिजे, म्हणून ते रोज सकाळी आम्हांला मांडवीच्या किनाऱ्यावर नेत. आम्ही समुद्राकडे तोंड करून ओरडायचो, "मिलॉर्ड!" मासे वाळत घालणाऱ्या बायका हातातलं काम सोडून बघत राहायच्या.

एकदा त्यांच्यातल्या दोघी एका कोंबड्यावरून भांडत आल्या. अप्पांना कोण आनंद! ते उपड्या होडीवर न्यायाधीश होऊन बसले. ताई एकीची वकील, मी दुसरीची. ताई म्हणाली, कोंबडा हिच्या अंगणात जन्मला. मी म्हटलं, पण दाणे तिच्याकडचे खाल्ले. ताई मला खोटारडी म्हणाली. मी तिची वेणी ओढली. त्या दोघी घाबरून मधे पडल्या.

"बाय गो, सख्ख्या भैनी ना तुम्ही! मरो तो कोंबडा." मग एक दुसरीला म्हणाली, "घे गो, तूच ने त्याला."

"निकाल लागल्याशिवाय कुणी हलायचं नाही!" अप्पा होडीवर उभे राहून ओरडले. कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघींनी आमच्या ओटीवर बांगडे आणून ठेवले. आमच्या घरात मासा कधी शिरला नव्हता. अप्पांचे डोळे भरून आले. "पोरींची पहिली फी! देवापुढे ठेवायला हवी."

आई देवघराच्या दारात आडवी उभी राहिली. "निकाल दिलात का? नाही. भांडण कुणी मिटवलं? त्यांचं त्यांनीच. मग फी कसली? मासे परत जातील."

मी बांगडे परत करून आले, तर अप्पा आईपुढे इंग्रजीचं पहिलं पुस्तक ठेवत होते. "माझी निवड चुकली. खरी वकील तूच."

मी सुटले. ताई मात्र विहिरीपाशी रडत बसली. "मला खरंच व्हायचं होतं गो!"

मग अप्पा आई आणि ताई दोघींनाही शिकवू लागले. 'नाइफ'च्या आधी 'के' कशाला, हे त्यांना पटवून देता येईना, तेव्हा आईने पुस्तक मिटलं. ताई मॅट्रिक झाली. पण कॉलेजासाठी मुंबईला जायची वेळ आली, तेव्हा अप्पाच म्हणाले, "तरणी मुलगी एकटी कशी पाठवायची?"

आई त्यांच्याशी दोन दिवस भांडली. शेवटी ते म्हणाले, "तेवढं सोडून बोल."

ताई मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली.