रबाळ्याच्या शेडमधलं बुडणारं लाकूड

आमच्या शेडमध्ये दर शनिवारी झाडलोट होते. भुसा पोत्यात भरतो, पोती वीटभट्टीवाला घेऊन जातो. पण किस्से कोण नेणार? ते बाकाखालीच साचत राहतात. चहा आला की कोणीतरी एक उकरून काढतो, त्यावरून दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि चहा गार!

शेड रबाळ्याच्या कारखान्यांच्या गल्लीत आहे. मालक कच्छी शेठ. करवतीच्या मशीनवर सुमेरभैया. मिस्त्री माझा दादा आहे. म्हणजे होता. विनायक त्याचं नाव. मी त्याच्या हाताखाली. लाकूड एकच, बोटीतून येणारं, परदेशातलं. रंग काळपट लाल, आणि वजन विचारूच नका. शेठ त्याचं एक नाव सांगायचा, गोदीतले हमाल दुसरंच. आम्ही त्याला ‘लोखंड्या’ म्हणायचो.

दादा या श्रावणात गेला. कावीळ झाली, अकरा दिवसांत सगळं संपलं. उलव्याच्या पाटीलकाकांच्या दाराचं काम त्याच्या बाकावर तसंच पडलं होतं. शेठ मला म्हणाला, “हा दरवाजा तू कर. पाटील खूश झाला तर बाक तुझा. नाय तर मी ठाण्याहून मिस्त्री आणतो, तू परत फळ्या उचल.”

त्या दाराचं काय झालं ते सांगतोच. पण आधीचं आधी.

*

कोपरखैरण्याच्या एका सोसायटीत आम्ही लोखंड्याच्या चौकटी बसवल्या. आठ दिवसांनी तिथल्या एक मावशी शेडवर हजर! हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत वाकडे झालेले खिळे.

“सगळे वाकले! चौकटीत एक जाईल तर शपथ. मी कॅलेंडर लावू कुठे?”

दादानं पिशवीत डोकावून बघितलं. “मावशी, हे जपून ठेवा. घरात वाळवी आली की तिला दाखवा.”

“वाळवीचं राहू दे रे, माझ्या कॅलेंडरचं बोल!”

दादा गिरमिट घेऊन गेला. एका भोकाला अर्धा तास, दोन पाती मोडली. भोक पडल्यावर मावशी म्हणाल्या, “हातासरशी गणपतीच्या फोटोला पण एक पाड ना!”

खाली उतरताना दादा मला म्हणाला, “यापुढे चौकट देताना कॅलेंडर लावूनच द्यायचं.”

*

आमची शाळा सातवीत सुटली. मास्तरांनी डस्टर फेकून मारलं, ते मी त्यांना परत फेकून मारलं. त्यामुळे काही वर्षं इकडेतिकडे करून मी दादाच्या शेडवर आलो.

पहिल्या दिवशी त्यानं माझ्यासमोर लोखंड्याचा तुकडा ठेवला, हातात पटाशी दिली. “दोन बोटं जातील एवढी खाच पाड.”

अर्धा तास ठोकलं. लाकडावर नखाएवढा वण! माझं डोकं फिरलं. मोठा हातोडा घेतला आणि घातला एक दणका. पटाशीची कड तुटली, उडाली, आणि पलीकडे सुमेरभैयाच्या उघड्या डब्यात जाऊन पडली.

सुमेरभैयानं डाळीतून ती बोटांनी बाहेर काढली. “दाल में कंकड़ तो बहुत खाया है, लोहा पहली बार परोसा किसी ने!”

दादा ओरडला नाही. त्यानं मला धार लावायचा दगड दिला. “महिनाभर फक्त धार लावायची. ठोकायचं नाही.”

धार आली का ते हातावरचे केस काढून बघायचं असतं. महिन्याभरात माझे दोन्ही हात गुळगुळीत! आई म्हणाली, “हा सुतारकाम शिकतोय की सिनेमात जातोय?”

*

करवतीच्या मशीनमध्ये लोखंड्याचा जाड ओंडका सरकला की गल्लीतली वीज दबायची. शेजारच्या कारखान्याचा वॉचमन धावत यायचा. “अरे, तुमचं लाकूड लागलं की आमच्या केबिनमधला पंखा रडतो!”

सुमेरभैया म्हणायचा, “पंखा रोया, मतलब माल असली है.”

शेठनं ते ऐकून ठेवलं. पुढच्या गिऱ्हाइकाला लाकडाबद्दल शंका आली, तर शेठ त्याला घेऊन सरळ वॉचमनच्या केबिनमध्ये! “भाई, इथे बसा. वर पंखा बघा.” मग बाहेर येऊन ओरडला, “सुमेर, चालू कर!”

महिन्याभरात त्या केबिनमध्ये एवढी गिऱ्हाइकं बसायला लागली, की वॉचमननं दुसरी खुर्ची मागून घेतली.

*

हे लाकूड, हाताचा घाम आणि हत्याराचं लोखंड एकत्र आलं की हात काळेनिळे होतात. साबणानं डाग जात नाहीत. दादा नेरूळला मुलगी बघायला गेला तेव्हा त्याचे हात मनगटापर्यंत काळे होते. ते त्यानं मांडीखाली दाबून ठेवले. फराळाची बशी आली. “आत्ताच खाऊन आलो,” दादा म्हणाला. चहा आला. “मी घेत नाही.” तो दिवसाला सात कप प्यायचा!

मुलीच्या वडिलांचा चेहरा पडला. “आमची मुलगी पसंत दिसत नाही.”

मला राहवलं नाही. “पसंत आहे हो! पण त्याचे हात बघितलेत तर तुम्हीच नाही म्हणाल!”

दादानं माझ्याकडे असं बघितलं, की घरी जाऊन माझी खाच पडणार हे नक्की झालं. मग त्यानं हात बाहेर काढले.

मुलगी उठून आत गेली. गेलीच, असं वाटलं. पण ती आली ती अर्धं लिंबू घेऊन. बशीत ठेवून दादासमोर सरकवलं. “चोळा. विळीवर आवळे चिरले की आमचेही होतात.”

दादानं तिथेच चोळलं. काळं सगळं निघालं! बाहेर पडल्यावर तो म्हणाला, “सहा वर्षं शेडमध्ये काढली, हे एकालाही माहीत नव्हतं?”

लग्नानंतर वहिनी रोज संध्याकाळी मोरीत अर्धं लिंबू ठेवायची. अजून ठेवते. आता मी वापरतो.

*

पाटीलकाकांची शेती सरकारी प्रकल्पात गेली, मोबदला आला आणि उलव्यात बंगला उभा राहायला लागला. समोरचं दार त्यांना लोखंड्याचंच हवं होतं. दादानं आधी चौकट केली. तिकडचा रस्ता तेव्हा असा होता, की टेम्पो निम्म्यात रुतायचा.

काका म्हणाले, “टेम्पो कशाला? दिवाळे गावच्या धक्क्यावर आन. होडीच्या मागं बांधू, भरतीबरोबर येल. माझ्या बापानं सागाचं वासं असंच आनलं व्हतं.”

दादा त्या दिवशी दुसऱ्या कामावर होता. मी म्हटलं, चला! चौकटीचे दोन्ही खांब दोरानं होडीला बांधले आणि पाण्यात ढकलले.

डुब्!

खांब दिसेनात. होडीचं मागचं टोक खाली गेलं, पुढचं आभाळाकडे, आणि त्या टोकावर पाटीलकाका!

“अरे पोरा, ह्यो लाकूड हाय का नांगर?”

ओहोटीपर्यंत वाट बघितली आणि सहा माणसांनी चिखलातून खांब ओढले. तेवढ्यात दादा आला. मी मान खाली घातली. त्यानं खांबावर पाणी ओतलं, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. कुठेही चीर नाही. “काका, टेस्टिंग झालं. फुकटात!”

तेव्हापासून काका गावभर सांगत फिरायचे, “तुमच्या चौकटी दुकानातल्या. माझी खाडीचा तळ बघून आलीय!”

*

आता ते दार.

फळ्यांवर दादाच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. रंधा मारला की त्या जाणार. एक अख्खा दिवस मी रंधा हातात धरून नुसता बसलो. सुमेरभैयानं मशीन बंद केलं, चहा आणला आणि बाजूला बसला. दुसऱ्या दिवशी मारला रंधा.

दोन महिन्यांत दोन्ही झडपा झाल्या. आतून लोखंड्याचाच जाड अडसर केला. एका झडपेला एका टोकाशी खिळलेला, वरून खाली पाडला की दुसऱ्या झडपेच्या खोबणीत बसायचा. तो उभा अडकवून ठेवायची खुंटी तेवढी राहिली होती. म्हटलं, पूजा झाल्यावर लावू. तोपर्यंत अडसर तसाच उभा टेकवून ठेवला.

वास्तुशांतीला अख्खं गाव. शेठ इस्त्रीचा सफारी घालून. काकांनी सकाळी दारावर एकदा टकटक केलं, पण बरं-वाईट एक शब्द नाही. गुरुजी म्हणाले, “सगळे बाहेर या. यजमानीणबाई कलश घेऊन मुहूर्तावर आत जातील.” काकूंनी मागच्या दाराला आतून कडी घातली, पुढून बाहेर आल्या, कलश घेऊन उभ्या राहिल्या.

तेवढ्यात काकांचा एक मेहुणा म्हणाला, “मोठा मिस्त्री गेला ना? मंग ह्यो या पोरानं केलाय? बसतो का नीट?”

माझं डोकं फिरलं. “बसतो का म्हणजे? हे बघा!” म्हणून मी दोन्ही झडपा धाडकन ओढून घेतल्या. मध्ये केसाएवढीही फट नाही! लोक म्हणाले, “वा!”

आणि आतून आवाज आला. धप्प.

अडसर बसला होता.

घरात कोणी नाही. खिडक्यांना लोखंडी ग्रिल. मागच्या दाराला आतून कडी, आणि तेही आमचंच, लोखंड्याचं! गुरुजी घड्याळ बघत म्हणाले, “पंधरा मिनिटं उरली.” काकांचे चार पुतणे पहार घेऊन धावले. पहिल्या दणक्याला पहारच उलटी उडाली. दुसऱ्याला एकाचं मनगट मुरगळलं. दारावर साधा ओरखडा नाही! शेठ माझ्याकडे न बघता खिशातली डायरी काढून ठाण्याचा फोन नंबर शोधायला लागला.

“दहा मिनिटं,” गुरुजी म्हणाले.

मी पुतण्याच्या हातातली कुऱ्हाड हिसकावली. “माझी चूक आहे. मीच फोडतो.” आणि उचलली.

पाटीलकाका मध्ये आले. पहार लागली होती तिथे त्यांनी तळहात फिरवला. मग चौकटीवर फिरवला. मग माझ्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली.

“मिस्त्री, बाजूला व्हा.”

आणि पुतण्यांकडे वळून ओरडले, “दरवाज्याला कोनी हात लावायचा नाय! भिंत फोडा!”