पाण्याकडे मान वळवलेली बाई

नांदुऱ्याच्या मुलींच्या शाळेत मी पुण्याकडून आले, तेव्हा वर्गात एक रंगीत चित्र टांगलेलं होतं. समुद्रकाठची ओली वाळू, तिच्यावर वाकून काहीतरी गोळा करणारी सात-आठ माणसं आणि अर्धी भरलेली बैलगाडी. गाडीत काळंसर काय आहे ते कळत नसे. इन्स्पेक्ट्रेसबाई येणार आणि याच चित्रावर पाठ घ्यायचा, असं पत्र आलं, तेव्हापासून माझं कशात लक्ष लागेना. समुद्र मी पाहिलेला नव्हता. तरी टाचण काढलं: शांत संध्याकाळ, कष्टाळू माणसं, निसर्गाचा सहवास. पुसलं, आणि पुन्हा तेच लिहिलं.

घरोघर जाऊन मुलींना शाळेत आणायला एक बाई होती. पाठाच्या आदल्या दिवशी ती वर्ग झाडत असताना मी तिला टाचण वाचून दाखवलं. ती चित्राजवळ गेली.

"शांत कुठी हाये, बाई? हे लोकं घाई करून राह्यले."

"कशावरून?"

"ह्या बाईले पाहा. हात खाली, मान पान्याकडं. पानी येऊन राह्यलं."

मग तिनं सांगितलं. आधी ती आणि तिचा नवरा पूर्णेच्या वाळूत टरबुजं लावत. एका वर्षी वर कुठंतरी पाऊस झाला आणि भर दुपारी नदीला पाणी आलं.

"मी टरबुजं तोडत व्हती, मान अशीच. मालक म्हनत, आनखी एक टोपलं. टरबुजाची वाडी गेली, बैल गेला. मालक वाचले, पन मंग वाळूत उतरले नाही कधी."

त्यानंतर मला त्या चित्राकडे स्वस्थपणे पाहता येईना. पाहावं तो माणूस निघायच्या बेतात दिसे.

पाठाच्या वेळी मी टाचण बाजूला ठेवलं आणि मुलींना विचारलं, "ही माणसं घाई का करतायत?" एक म्हणाली, पाऊस येतोय. दुसरी म्हणाली, साहेब येतोय. मी पाण्याचं सांगितलं.

इन्स्पेक्ट्रेसबाई गोऱ्या होत्या, मराठी बेतानं बोलत. "भरतीचं बरोबर आहे. पण गाडीत काय आहे?"

"मला ठाऊक नाही."

"समुद्रातलं गवत. शेतात खत घालतात. शिक्षिकेला हे माहीत पाहिजे."

शेरा पडला: पाठाची तयारी अपुरी.

त्या गेल्यावर दाराशी उभी असलेली आमची बाई आत आली. "खत व्हय? खतापायी एवढा जीव काऊन टाकून राह्यले?"

"त्याच्याशिवाय त्यांच्या जमिनीत काही येत नसेल."

ती चित्राकडे पाहत राहिली. "गाडीवाल्यानं आता बैल हाकले पायजेत," एवढंच म्हणाली आणि मुलींना पोचवायला निघून गेली.

मी शेऱ्याचं पुस्तक कपाटात ठेवलं आणि गाडीच्या चाकापासून पाण्यापर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं. दीड बोट भरलं.