नरसक्काचं अपील

लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत घोषणा आली. खोडली. पत्रकं लिहून लिहून माझा हात तसाच वळतो, काय करू? पण हे पत्रक नाही. हे मी आईला सांगितलेलं नाही, समितीत सांगितलेलं नाही — जिचं आहे तिलाही नाही. मधेच मी कुणावर तरी ओरडायला लागले तर समजून घ्या. नको. समजूनही घेऊ नका.

कोल्हापूरला हायकोर्टाचं बेंच सुरू झालं त्या दिवशी सोलापुरात आम्ही पेढे वाटले. आमची समिती याच मागणीसाठी होती. खालच्या कोर्टाचं चुकलं तर वरच्या कोर्टानं बघावं, एवढी साधी गोष्ट. पण ते वरचं कोर्ट मुंबईत. रात्रभर गाडीत बसा, सकाळी लॉज शोधा, वकिलाच्या दारात उभे राहा आणि पुढची तारीख घेऊन परत या. माढ्यातनं, नातेपुत्यातनं माणसं असं करत होती. मागणी खरी होती, आजही म्हणते. मग एवढ्या खऱ्या मागणीला माझ्या खोट्याची गरज का पडावी?

फोटो पाहिजे होता म्हणून. बस्स.

नातेपुत्याचे एक कापड दुकानदार आले होते. त्यांचं दुसरं अपील खरोखर मुंबईत अडकलेलं. पण बोटात अंगठी, इस्त्रीचा शर्ट, वर हसतमुख. चहा पाजून मी त्यांना वाटेला लावलं. "यांच्याकडं बघून कुणाला राग येणार?" असं नंतर म्हणालेसुद्धा. समितीत सगळे हसले. मीही हसले.

आणि मग नरसक्का सापडली. बघा, मला शब्दही हाच सुचतो — सापडली! भवानी पेठेत एका खोलीत भाड्यानं राहायची. तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातली, नवरा वारलेला. टॉवेलच्या कडा शिवून द्यायची, त्यावर घर चालायचं. लग्न होऊन त्याच खोलीत आली होती. मालकानं दावा लावला, खालच्या कोर्टात ती हरली. खोली सोडा, असा निकाल. तिनं मला एकच विचारलं, "अपील करता येतंय म्हणं?"

"येतं की," मी म्हटलं. "पण मुंबईला."

कुणाला विचारलं नव्हतं. रोज मीच लिहीत होते ना — अपील म्हणजे मुंबई! मशीनवर हात ठेवून बसलेल्या तिचा फोटो काढला आणि खाली छापलं: 'नरसक्कानं शिलाई मशीन डोक्यावर घेऊन मुंबईला जायचं का?' चौकात एका म्हाताऱ्यानं ते वाचलं आणि सरकारला खच्चून शिव्या दिल्या. मला इतकं बरं वाटलं होतं!

इथपर्यंत ते अज्ञान होतं. अज्ञानाचा कबुलीजबाब कोण लिहितं?

दोन दिवसांनी कोर्टाच्या कँटीनमध्ये आमच्या समितीतलेच एक तरुण वकील पत्रक वाचून हसायला लागले. "अगं, हे काय छापलंस? हा भाडेकरूचा दावा हाय. ह्याचं पहिलं अपील हितंच की! जिल्हा न्यायालयात. तो बघ जिना." कपानंच जिना दाखवला. "मुदत हाय अजून. उद्या पाठव तिला माझ्याकडं."

"पाठवते," मी म्हणाले.

पाठवलं नाही.

का? रविवारी मोर्चा होता. नरसक्का व्यासपीठावर बसणार होती. पत्रकांचा दुसरा गठ्ठा छापून झाला होता. तिनं सोमवारी इथंच, रिक्षानं जाऊन, तो जिना चढून अपील घातलं असतं तर आमच्यावर अख्खं सोलापूर हसलं असतं. म्हणजे माझ्यावर. मोर्चा झाला की पाठवू, असं ठरवलं. मोर्चा झाला. मग शिष्टमंडळ. मग सभा. त्या प्रत्येक दिवशी मला मुदत आठवत होती. विसरले असते तर हे लिहावं लागलं नसतं.

आणि ती गप्प बसलेली नव्हती हो! सभेनंतर माझा हात धरून म्हणाली, "पोरी, मी मशीन विकते की. जाऊ मुंबईला. तू चल संगट."

त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. अक्का, मुंबईला जायचं नाही, इथंच आहे. मी म्हणाले, "मशीन कशाला विकता, अक्का? बेंच येतंय. थांबा."

ती थांबली. माझा शब्द होता ना.

पुढं वकिलांनी विचारलं, "ती बाई आलीच न्हाई की गं. मुदत तर गेली. पण उशिराचं नीट कारण दिलं तर कोर्ट ऐकतं बी. काय कारण झालं?"

कारण त्यांच्यासमोर बसून चहा पीत होतं. मी म्हणाले, "तिलाच नको म्हणते लढायला. कंटाळली." ते मान हलवून म्हणाले, "अशीच असत्यात ही माणसं." मीही मान हलवली. माणसांसाठी भांडणारी मी!

बेलीफ आला. सामान रस्त्यावर आलं: मशीन, दोन पेट्या, पाण्याचा ड्रम. मी तिथं गेले होते, फोटो काढायला. संध्याकाळी नवं पत्रक लिहिलं, 'न्याय लांब होता म्हणून घर गेलं.' ते माझं सगळ्यात गाजलेलं पत्रक. अजूनही लोक त्यातल्या ओळी मला म्हणून दाखवतात. मी थँक्यू म्हणते.

नरसक्का आता लेकीच्या सासरी राहते, घरकुलात. जावयाला आवडत नाही. मशीन व्हरांड्यात असतं.

पेढे वाटून मी घरी आले आणि तिचा फोन. आवाजात नुसता आनंद. "आलं म्हणं की गं बेंच! लई केलंस बघ तू. आता घालायचं का आपलं अपील? खोली मिळंल का परत?"

मी म्हणाले, "विचारून सांगते, अक्का."

कुणाला विचारणार होते मी? मला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं.