मांडी घालून केलेलं टेबल

बाक उलटला आणि आत्याबाई त्याच्यासकट खाली आल्या. ताट अंगावर, आमटी पदरावर आणि दुखरा पाय बाकाखाली. त्या ओरडल्या नाहीत. डोळे मिटले, तोंडाचा रंग गेला. मला वाटलं, संपलं. मालक समोरच्या बाकावर हातात घास धरून तसेच बसून राहिले. बाक मीच उचलला. उचलताना शिव्या दिल्या, कुणाला ते आठवत नाही.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या चिखलीत सासूला आत्याबाई म्हणायची पद्धत होती. घरात आम्ही तिघंच, त्या, त्यांचा मुलगा म्हणजे आमचे मालक, आणि मी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. पन्नास सालानंतर पिंपरीत कारखाने उभे राहू लागले, त्यातल्या एका कंपनीत मालक कामाला लागले होते. सायकलीनं जायचे. मी चौथी शिकलेली, लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि सासूचं माझं फारसं सख्य नव्हतं. भांडणही नव्हतं. त्या कामाच्या बाई होत्या, मीही कामाची, त्यामुळे बोलायला वेळ नसे.

पडण्याच्या आधीचं सांगायला हवं. सुगीच्या दिवसांत आत्याबाईंना म्हशीनं गोठ्यात भिंतीशी दाबलं. गुडघा मोडला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून बांधला. हाड जुळलं, पण गुडघा निम्माच वाकायचा. म्हणजे मांडी घालून बसणं बंद.

आज कुणी म्हणेल, त्यात काय, खुर्चीवर बसावं. आमच्या घरात खुर्ची नव्हती. जेवण म्हणजे पाट, मांडी आणि पुढ्यात ताट. पाय लांब करून बसलं तर पाय ताटाकडे होतो, आणि अन्नासमोर पाय पसरायचा नाही. मी म्हणाले, "आत्याबाई, खाटेवर बसा, ताट तिथं देते."

"खाटंवर? अंथरुणात जेवतंय ते मरायला टेकलेलं माणूस. मी टेकले न्हाई अजून."

"मग उपाशी राहून टेकाल."

"तुझी जीभ लई चालती."

त्या भिंतीला पाठ लावून उभ्यानं चतकोर भाकरी चहात बुडवून खायच्या. पाय दुखायला लागला की उरलेला तुकडा म्हशीला. त्याच म्हशीला. दोन महिन्यांत चोळी अंगावर लोंबू लागली. गळ्याची हाडं वर आली. तुळशीला पाणी घालायला जाताना मध्येच थांबून श्वास घ्यायच्या. मालक आईसमोर काही बोलत नसत, बाहेर येऊन मला म्हणायचे, "आई चाललीय." मी म्हणायचे, "चाललीय ते दिसतंय. तुम्ही काय करताय ते सांगा."

मग एक दिवस ते बैलगाडी घेऊन पिंपरीला गेले आणि गाडीभर लाकूड घेऊन आले. कंपनीत परदेशातून मशिनं येत, ती मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून. मशीन बाहेर निघालं की खोकी कामगारांना मिळत. कुणी त्याची दारं करी, कुणी कोंबड्यांचं खुराडं. मालकांच्या डोक्यात टेबल होतं. कंपनीच्या कँटीनमध्ये सगळे टेबलाशी बाकांवर बसून जेवत.

"आई पण तशीच जेवंल," ते म्हणाले. "पाट न्हाई, मांडी न्हाई."

लाकूड पांढरट होतं, त्याला वेगळाच वास होता, डिंकासारखा. फळ्यांवर काळी अक्षरं छापलेली, आम्हाला कुणाला न वाचता येणारी. एका फळीवर पेल्याचं चित्र होतं. आत्याबाई दारात काठी टेकून बघत होत्या.

"ह्यो पेला कशापायी काढलाय?"

मालक म्हणाले, "काच हाय, जपून उचला, असं सांगत्यात."

"मग माझ्यावर बी काढ एक."

गावच्या सुतारानं करवत, रंधा दिला आणि स्वतःही येऊन बसला. मदतीपेक्षा बोलायलाच जास्त. "औत सांगा, गाडीचं चाक सांगा, डोळं झाकून करतो. टेबल म्या मामलेदार कचेरीत लांबून बघितलंय. त्याच्या मागं मामलेदार बसला व्हता, खालचं काय दिसलं न्हाई."

"वरचं दिसलं न्हवं? तेवढं पुरं," मालक म्हणाले.

माझ्याकडे खिळे. फळ्यांतून उपटलेले वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ करायचे. अंगठ्याचं नख काळं पडलं, पण टेबलाचा एकही खिळा विकतचा नव्हता. मालकांनी सगळ्यांत मोठं खोकं मोडलंच नाही. ते पालथं घातलं, वरची फळी रंधून गुळगुळीत केली, झालं टेबल. चारी बाजूंनी बंद, खडकासारखं. बाक दोन. बसायची फळी चांगली रुंद, हातभर, आणि खाली मधोमध अरुंद पाय. मालक वर चढून बसले, सुतार दुसऱ्या बाकावर बसला, दोघांनी हलून पाहिलं. जागचं हललं नाही. सुतार म्हणाला, "राव, ह्याच्यावर बैल बसवला तरी काय व्हत न्हाई."

बैल बसवला नाही. आत्याबाईंना बसवलं, आणि सुरुवातीला सांगितलं ते झालं.

हाडवैद्य आला. त्यानं गुडघा चाचपला. आत्याबाई ओठ चावून पडून होत्या. "हाड शाबूत हाय," तो म्हणाला. "सूज उतरंल. पण बाई, अंगात काय ठेवलंच न्हाई तुमी. खाल्लं न्हाई तर बांधून मी काय करू?" बाहेर येऊन त्यानं मालकांना हळू आवाजात आणखी काही सांगितलं. मी विचारलं नाही. मालकांचं तोंड बघूनच कळलं.

मालक तडक कुऱ्हाड घेऊन आले. टेबलाचं सरपण करणार होते. मी आडवी उभी राहिले.

"सर बाजूला."

"आधी सांगा, तुम्ही दोघं बसलात तेव्हा बाक उलटला नाही, आणि आत्याबाईच पडल्या. का?"

"तिचं नशीब."

"नशिबाला पाय असतात का? बसून दाखवा."

ते चिडून बाकावर चढले आणि बसले. मांडी घालून.

मी बघतच राहिले. मग विचारलं, "कंपनीत असंच बसता?"

"आणि कसं बसायचं? समदी हसत्यात मला, पण माझ्या पोटात अन्न असंच उतरतं."

"तुमची आई अशी बसते?"

त्यांनी स्वतःच्या मांडीकडे पाहिलं. नंतर पाय खाली सोडायला गेले. गुडघे खोक्याच्या फळीवर आपटले. पाय जायला जागाच नव्हती. म्हणून ते मागे सरकले, तर हात टेबलापर्यंत पोहोचेना. पुढे वाकून फळीच्या कडेवर आले, तसा बाक त्यांच्यासकट पुढे कलला. मी धरला म्हणून बरं.

जिला मांडी येत नाही तिच्यासाठी दोन बापयांनी मांडी घालून टेबल केलं होतं. माप त्यांनी आपल्या बुडाचं घेतलं होतं. आत्याबाईंना पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्या कडेवर बसल्या, घास घ्यायला वाकल्या आणि गेल्या. एवढंच. नशीब कसलं.

सुताराला बोलावलं. त्यालाही बसून दाखवायला लावलं. तोही मांडी घालूनच बसला. मी हसले, तर म्हणाला, "वैनी, हसू नगा. जन्मात पाय खाली सोडून जेवलो न्हाई. मेल्यावर सोडीन."

आता माप कुठलं घ्यायचं? आत्याबाई दुखण्यातून उठल्यावर ओसरीच्या पायरीवर बसून शेंगा फोडायच्या, एक पाय वाकवून आणि एक थोडा पुढे टाकून. तिथं त्यांना कधी त्रास झाला नव्हता. जेवायला मात्र तिथं बसत नसत, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर बाईनं खायचं नाही. त्या खाटेवर झोपलेल्या असताना मी सुतळी घेऊन पायरी मोजली. तेवढीच बाकाची उंची. खोक्याच्या चारी बाजूंच्या फळ्या सुतारानं काढल्या, फक्त कोपऱ्यांचे उभे खांब ठेवले आणि तेही खालून कापले. बाकाची फळी निम्मी केली, पाय बाहेर फाकवले. मालक करवत ओढत होते. मी खिळे सरळ करत होते.

टेबल झालं. आत्याबाईंची सूज उतरली. पण त्या टेबलाकडे बघेनात. "एकदा पडले, पुरे. मला उभ्यानंच बरं." उभं तर राहवत नव्हतं. दोन घोट चहा आणि तोंड फिरवून पडायच्या. मालकांनी हातापाया पडून झालं. सुतारानं बाकावर उड्या मारून दाखवल्या. त्या म्हणाल्या, "उड्या मार बाबा, तुझी हाडं कवळी हाईत." सुतार साठीचा होता.

मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून मी वाईट वागले. सकाळी भाकरी केल्या, पिठलं केलं, ताट वाढलं आणि टेबलाशी त्यांच्या बाजूच्या बाकावर जाऊन बसले. सासूनं तोंडात घास घातलेला नसताना सून जेवायला बसली, हे आमच्या गल्लीत कुणी पाहिलं नसेल. मी पहिला घास घेतला. मुद्दाम वाजवून खाल्ला.

खाटेवरून आवाज आला, "काय करतीस गं?"

"जेवते."

"माझ्या आदी?"

"तुम्ही जेवत नाही. मग मी कुणासाठी थांबू?"

"लाज सोडली का?"

"भूक लागली."

त्या उठल्या. काठी घेतली. भिंत धरत, मला आणि माझ्या आईबापाला नावं ठेवत आल्या. मालक दारात उभे होते, त्यांना वाटलं आता काठी माझ्या पाठीत बसणार. मलाही वाटलं.

"ऊठ. माझी जागा हाय ती."

मी उठले. त्या बसल्या. बाक हलला नाही. दुखरा पाय त्यांनी टेबलाखाली पुढे सोडला आणि थांबल्या.

"पाय अन्नाकडं व्हतोय."

"अन्न वर आहे, पाय खाली आहे. जमीनही खालीच असते."

त्यांनी थोडा विचार केला. मग माझंच ताट ओढलं, भाकरी मोडली आणि खाऊ लागल्या. अर्धी खाल्ली. मग उरलेली अर्धी. पिठलं पुन्हा मागितलं. मालक ओसरीत जाऊन नाक शिंकरून आले आणि म्हणाले, चुलीचा धूर फार झालाय. चूल विझलेली होती.

"आता बघत काय उभी ऱ्हायलीस?" आत्याबाई मला म्हणाल्या. "दुसरं ताट आण आन् बस तिकडं. उष्टं तोंड घेऊन कुठं फिरतीस."

मी समोर बसले. मालक माझ्या शेजारी येऊन बसले. बापये आधी आणि सून शेवटी, हे त्या दिवशी कुणाच्या लक्षातच आलं नाही, आणि नंतर मोडलं ते मोडलंच. मालकांनी पाय खाली सोडले. अवघडून बसले होते, पण सोडले.

पंधरवड्यात आत्याबाई दोन्ही वेळा पोटभर जेवू लागल्या. पाडव्यापर्यंत काठी घेऊन मळ्यात जाऊ लागल्या. चोळ्या पुन्हा अंगाला बसल्या. माझी तीन बाळंतपणं त्यांनी केली, आणि धाकटी मुलगी शाळेत जायला लागल्यावर म्हातारपणानं गेल्या.