दानिएलमास्तरांची तोफ

नगरच्या क्रिकेटवेड्यांनो, छावणीच्या मैदानावर साहेब खेळायचा आणि आपण कुंपणाबाहेरून पाहायचे, हे शल्य तुमचे-माझे एकच. आपल्याकडे वेगवान गोलंदाज नव्हता. सराव करायचा कोणासमोर? तोड काढली ती, ज्यांची साठी आज आपण साजरी करतो आहोत, त्या दानिएलमास्तरांनी.

मास्तर मिशनशाळेत सुतारकाम शिकवीत. मी त्यांना प्रथम पाहिले तेव्हा युद्धाचे दिवस होते आणि हे गृहस्थ छावणीच्या भंगारातून मोटारीच्या फाटक्या ट्यूबा निवडत होते. आपल्याला कुंपणाबाहेर ठेवणारे याला आत कसे येऊ देतात, असा मला संशय आला. हा सरकारचा खबऱ्या, असे मी चारचौघांत बोललोही.

त्या ट्यूबा, बाभळीचा दांडा आणि टोकाला लाकडी वाटी, एवढ्यावर मास्तरांनी चेंडू फेकणारे यंत्र उभे केले. ज्वारी राखणाऱ्याच्या गोफणीवरून त्यांना ते सुचले. पहिल्याच दिवशी माझी नडगी सुजली. स्वतः हळद लावून मास्तर म्हणाले, "आता तरी इश्वास बसला का?" माझे बोलणे त्यांच्या कानी गेले होते तर!

पुढे त्यांनी यंत्रावर रंगाने नाव लिहिले: 'गोलंदाजी यंत्र'. तिथे घात झाला, कारण गोलंदाज म्हणजे जुन्या भाषेत तोफ डागणारा! बेचाळीस साली झडती आली.

"मास्तर, गोळा कितीक लांब जातो?" हवालदाराने विचारले.

"बावीस यार्ड. म्होरं फळी घेऊन गडी उभा असतो."

"अन् त्याला लागला तर?"

"औट, न्हाईतर लंगडा."

"म्हंजी तोफच की ही!"

पंचनाम्यात 'लहान तोफ' असे पडले. सराव करणाऱ्यांची नावे द्या, सही करा आणि घरी जा, असे मास्तरांना सांगण्यात आले. त्यांनी एकही नाव दिले नाही. "खेळाचं सामान लिवा, मग सही," म्हणाले आणि अकरा दिवस कोठडीत बसले. त्या यादीत पहिले नाव माझे असते. त्यांना खबऱ्या म्हणणाऱ्याचे!

राज्य बदलले, हवालदार बदलला. यंत्र मात्र कचेरीच्या कोठारातच आहे. कारकून म्हणतो, तोफ परत देता येत नाही. कागद वाचायचा, वस्तू पाहायची नाही, ही खोड साहेब जाताना इथेच ठेवून गेला काय?

मास्तरांनी शंभरीतही ठणठणीत हाताने दांडा ओढावा आणि आपण चकावे, हीच माझी इच्छा. पण त्याला दांडा तर हवा! म्हणून आज हार घालून घरी जाऊ नका. ज्या नडगीने त्या चेंडूचा मार खाल्ला आहे, तिने इथून थेट माझ्यासोबत कचेरीवर यावे आणि लेखी जबानी द्यावी.